खाडा पडलेला मुष्टियोद्धा

खाडा हा शब्द आम्ही दोन ठिकाणी शिकलो. एक हजेरीपुस्तकात आणि दुसरा तालमीत. हजेरीपुस्तकातल्या खाड्याने किती पैसे गेले हे महिनाअखेर कारकून सांगतो, आणि वाटल्यास त्याच्याशी भांडताही येते. तालमीतल्या खाड्याने काय गेले हे कोणी सांगत नाही. ज्याचे गेले त्याला तर ते सर्वांच्या शेवटी कळते. बहुधा चारचौघांसमोर आणि पाठ मातीला लागल्यावर. आज या दुसऱ्या खाड्याविषयी बोलावयाचे आहे. ऐन भरातला मुष्टियोद्धा किंवा मल्ल वर्ष-दोन वर्षे रिंगणाबाहेर राहिला, तर त्याच्या अंगातून काय जाते, कोणत्या क्रमाने जाते, आणि त्यातले परत काय येते?

युनियनच्या माणसाने हा विषय का घ्यावा, असे काहींना वाटेल. आम्ही डॉक्टर नव्हे आणि मुष्टियोद्धे तर नव्हेच. परंतु निलंबित झालेली, बडतर्फ झालेली, ले-ऑफवर घरी बसलेली माणसे परत कामावर आणणे यातच आमची सारी हयात गेली. परत आलेल्या माणसाचा हात पूर्वीसारखा चालत नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. आळस म्हणावे तर तसे नव्हते. माणूस जीव तोडून काम करीत असे. मग हे होते काय, याचा शोध घेत पुस्तके चाळू लागलो आणि चाळता चाळता मुष्टियुद्धाच्या रिंगणापाशी येऊन पोहोचलो. कारण तेथे हिशेब उघड असतो. कामगाराचा हात मंदावला तर माल थोडा कमी निघतो. मुष्टियोद्ध्याची नजर मंदावली तर ठोसा जबड्यावर बसतो.

प्रथम घरचे उदाहरण घेऊ. नरसिंग यादव हे मुंबईचे मल्ल. २०११, २०१२ आणि २०१३ अशी लागोपाठ तीन वर्षे त्यांनी महाराष्ट्र केसरीची गदा मिळविली. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक आणि २०१५ मध्ये लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत ७४ किलो गटात ब्राँझपदक त्यांच्या नावावर आहे. २०१६ मध्ये ते रिओच्या ऑलिंपिकला गेले. तेथे लढतीच्या आदल्या दिवशी, १८ ऑगस्टला, आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने त्यांच्यावर उत्तेजक द्रव्याच्या प्रकरणात चार वर्षांची बंदी घातली. आपल्या खाण्यात कोणीतरी ते मिसळले, असे त्यांचे म्हणणे होते. लवादाने ते मानले नाही. त्या वादात आम्ही शिरत नाही. आमच्या विषयापुरता मुद्दा असा की वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी थांबलेला मल्ल एकतिसाव्या वर्षी परत आला. डिसेंबर २०२० मध्ये बेलग्रेडच्या विश्वचषकात ते उतरले आणि पहिल्याच लढतीत जर्मनीच्या मल्लाकडून हरले.

लोक म्हणाले, चार वर्षांनी दम राहिला नाही. दम कमी झाला असेलही. परंतु अशा बंदीत आणखी एक गोष्ट असते, तिच्याकडे कोणी पाहत नाही. बंदी असलेल्या खेळाडूला नुसते स्पर्धेत उतरण्याची मनाई असते असे नव्हे. त्याला संघाबरोबर, अधिकृत शिबिरात, सरावही करता येत नाही. मोठी बंदी असली तर अखेरचे दोन महिने तेवढी मोकळीक मिळते. म्हणजे जोर-बैठका मारा, धावा, दोर चढा, खुराक खा. फक्त तोलामोलाची जोड तुम्हाला मिळावयाची नाही. हे जोडीचे प्रकरण ध्यानात ठेवावे, कारण पुढे सारे त्यावरच येणार आहे.

आता शरीराकडे वळू. सर्वांत आधी जातो तो दम, आणि तो फार लवकर जातो. मेहनत थांबली की पहिल्या दोन आठवड्यांतच रक्तातील पाण्याचा अंश घटू लागतो; त्यामुळे हृदय एका ठोक्याला पूर्वीइतके रक्त फेकू शकत नाही. कसलेल्या खेळाडूंवर १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे आढळले की, शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल शक्ती मेहनत सोडल्यापासून तीन आठवड्यांत सुमारे ७ टक्के आणि आठ आठवड्यांत सुमारे १६ टक्के उतरली. पुढे ती उतरण थांबली. १९६६ साली अमेरिकेत डॅलस येथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे नुसते अंथरुणावर झोपवून ठेवले होते. त्यांची ही शक्ती चौथ्या हिश्श्याहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना शोधून पुन्हा तपासले. आता ते पन्नाशीचे झाले होते, पोटे सुटली होती. तरीसुद्धा तीस वर्षांच्या वाढत्या वयाने जेवढे नुकसान केले नव्हते, तेवढे पूर्वी त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने केले होते असे दिसून आले! पन्नाशी ओलांडलेल्या आमच्यासारख्यांना यात थोडे समाधान आहे आणि दुपारी जेवून आडवे होणाऱ्यांना थोडी धास्तीही आहे.

परंतु दम जसा लवकर जातो तसा परतही येतो. दोन-तीन महिने नेटाने धावले की त्याचा बराचसा भाग पदरात पडतो.

ताकदीचे उलट आहे. ती सावकाश जाते. मेहनत सोडल्यावर तीन-चार आठवडे तर ताकदीत म्हणण्यासारखा फरक पडत नाही, आणि पुढेही ती हळूहळूच उतरते. शिवाय एकदा कमावलेला स्नायू पुन्हा कमावणे नवा स्नायू कमावण्याहून सोपे असते. आपल्याकडे जुन्या पहिलवानाला ‘हाड कमावलेले आहे’ असे म्हणतात, ते काही उगाच नव्हे. येथेच माणूस फसतो. वाळूच्या पिशवीवर ठोसा मारला तर ती पूर्वीसारखीच हलते. आरशात दंड दिसतो. भोवतालची मंडळी वाहवा करतात. पिशवी परत ठोसा मारीत नसल्याने ती खोटेही सांगत नाही आणि खरेही सांगत नाही.

मग जाते ते काय? जाते ती नजर, आणि नजरेबरोबर पायांचा अंदाज. हे जरा फोडून सांगितले पाहिजे. डोळ्याने एखादी हालचाल टिपून हाताने उत्तर द्यावयास सामान्यतः सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. सरळ मारलेला ठोसा मात्र सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास येऊन पोहोचतो. म्हणजे ठोसा निघालेला पाहून जो हलेल त्याला तो बसणारच. तरीही मोठे मुष्टियोद्धे ठोसे चुकवितात. कारण ते मुठीकडे पाहतच नसतात. खांदा किंचित उतरला, कंबर वळली, मागच्या पायाची टाच उचलली, एवढ्यावरून पुढे काय येणार हे त्यांना आधीच कळते. ही विद्या पुस्तकात नाही आणि पिशवीतही नाही. समोर मारणारा जिवंत माणूस उभा असला तरच ती येते, आणि तो रोज उभा राहिला तरच टिकते. मल्लाचेही तेच. समोरच्याच्या मनगटाच्या पकडीवरून पट निघणार की नाही हे त्याचे अंग ओळखते. विचार करीत बसला तर पाय गेलाच म्हणून समजावे.

आमच्या तालुक्यातल्या श्रोत्यांना हे खाणीच्या उदाहरणाने लवकर पटेल. भूमिगत खाणीत कोळसा निघाल्यावर वरचे छत सळईने ठोकून पाहतात. छत घट्ट असेल तर खणखणीत आवाज येतो. आतून सुटले असेल तर भद्द, पोकळ येतो. नवख्याला दोन्ही सारखेच वाटतात. मुरलेल्या माणसाला सळई टेकताक्षणीच कळते. असा एक मुरलेला माणूस चौदा महिने कामाबाहेर राहून परत आला. प्रकरण काय होते, कोणाचे चुकले होते, ते आता मिटले आहे. परतल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याने एक छत ठोकले आणि चांगले आहे म्हणून सांगितले. मागून आलेल्या सरदाराने सहज पुन्हा ठोकले आणि सर्वांना मागे घेतले. थोड्या वेळाने तेथून हातभर जाडीचा थर खाली आला. कोणाला लागले नाही. तो माणूस आमच्याकडे येऊन बसला आणि म्हणाला, “दादा, कान तोच आहे. आवाजही तोच होता. पण मला तो ऐकू आला नाही.” त्याच्या दंडातली ताकद कमी झाली नव्हती, हे मुद्दाम सांगतो. घमेली उचलण्यात तो तरुणांना हार जात नव्हता.

या नजरेच्या आणि पायांच्या खाड्याचे जगातले सर्वांत मोठे उदाहरण मुहम्मद अली यांचे. त्यांचा जन्म १७ जानेवारी १९४२ चा. १९६४ मध्ये सॉनी लिस्टनला हरवून ते जगज्जेते झाले. २२ मार्च १९६७ रोजी न्यू यॉर्कमध्ये झोरा फोलीला सातव्या फेरीत लोळविले, तेव्हा त्यांच्या नावावर २९ लढती आणि २९ विजय होते. पुढच्याच महिन्यात, २८ एप्रिलला, व्हिएटनामच्या युद्धासाठी सैन्यभरतीस त्यांनी नकार दिला. लगेच परवाना गेला, किताब गेला. जूनमध्ये न्यायालयाने पाच वर्षांची कैद आणि १०,००० डॉलर दंड ठोठावला. अपिलामुळे ते तुरुंगाबाहेर राहिले. परंतु मुष्टियुद्धाचे दार बंद. वयाच्या पंचविसाव्या वर्षापासून अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत, सुमारे त्रेचाळीस महिने, त्यांना एकही लढत मिळाली नाही. मुष्टियोद्ध्याच्या आयुष्यात ही वर्षे म्हणजे शेतकऱ्याचे मृगापासून हस्तापर्यंतचे दिवस.

आता त्यांची लढण्याची पद्धत पाहा. शास्त्र असे की हात वर, हनुवटी आत, ठोसा आला की हाताने अडवावा. अली यांचे हात कमरेपाशी. ठोसा आला की ते मान मागे घेत, आणि ठोसा नाकासमोर बोटभर अंतरावर येऊन संपे. कोणत्याही वस्तादाने पोराला असे शिकविले नसते. हे चालत होते ते केवळ नजर आणि पाय यांच्या जोरावर. म्हणजे नेमक्या त्या दोन गोष्टींवर, ज्या खाड्याने आधी झिजतात. आमचे तर मत असे आहे की शास्त्रशुद्ध लढणाऱ्या मध्यम मुष्टियोद्ध्याचे तीन वर्षांच्या खाड्याने जेवढे नुकसान होईल, त्याहून अलींसारख्या असामान्य माणसाचे अधिक व्हावयाचे. ज्याचे बोटभर अंतरावर भागत होते त्याला बोटभराची चूक परवडत नाही.

२६ ऑक्टोबर १९७० रोजी अटलांटात ते जेरी क्वारीविरुद्ध परतले. तीन फेऱ्यांत क्वारीच्या भुवईवरची जखम वाढल्याने लढत थांबली. पहिल्या फेरीत पाय पूर्वीसारखे नाचले आणि लोकांना वाटले, जुना अली आला. खरे तर लढत इतकी थोडी चालली की काय गेले आहे ते दिसलेच नाही. ७ डिसेंबरला ऑस्कर बोनावेनाने त्यांना पंधराव्या फेरीपर्यंत झुंजविले. आणि परतल्यापासून साडेचार महिन्यांतच, ८ मार्च १९७१ रोजी, जो फ्रेझर समोर उभा राहिला. फ्रेझर अजिंक्य होता, सत्तावीस वर्षांचा होता, आणि मधल्या काळात सतत लढत आलेला होता. अली काही वेळ झडप घालीत आणि मग दोरांना टेकून दम घेत. पूर्वी ते दोरांजवळ जात नसत. पंधराव्या फेरीत फ्रेझरचा डावा ठोसा जबड्यावर बसला आणि ते पाठीवर पडले. उठले, लढत पुरी केली. परंतु तिन्ही पंचांनी फ्रेझरला कौल दिला. हरण्याचे सारे माप खाड्याच्या पदरात घालणे बरोबर नाही. फ्रेझर त्या रात्री कोणालाही भारी पडला असता. परंतु ज्याला पूर्वी शोधावे लागे तो आता सापडू लागला होता, हे सर्वांनी पाहिले.

यानंतर अली यांनी जे केले ते अद्भुत होते आणि महागही होते. पाय पूर्वीचे नाहीत हे ओळखून त्यांनी दुसरी विद्या उभी केली : मार खाण्याची. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासा येथे जॉर्ज फोरमनला त्यांनी दोरांना टेकून मारू दिले, थकविले आणि आठव्या फेरीत पाडले. जगाने टाळ्या वाजविल्या. पुढच्या वर्षी मनिलात फ्रेझरशी चौदा फेऱ्यांची ती भयंकर लढत झाली. खाड्यापूर्वी जे ठोसे हवेत जात, ते आता दंडावर, बरगडीवर, डोक्यावर बसत होते आणि अंग ते सोशीत होते. १९८४ मध्ये त्यांना पार्किन्सनसारखा विकार असल्याचे निदान झाले. ३ जून २०१६ रोजी ते वारले. या विकाराचा मारांशी नेमका संबंध किती, यावर डॉक्टरांचे एकमत नाही, म्हणून आम्हीही अधिक बोलत नाही. इतकेच म्हणतो की गेलेल्या कौशल्याची भरपाई कोठून तरी करावी लागते, आणि शरीर हा सर्वांत जवळचा सावकार असतो.

त्यांचा दुसरा खाडा तर आमच्या आरशाच्या मुद्द्याचा पुरावाच आहे. १९७८ च्या सप्टेंबरनंतर ते दोन वर्षे लढले नाहीत. २ ऑक्टोबर १९८० रोजी, अडतिसाव्या वर्षी, लॅरी होम्सविरुद्ध उतरले तेव्हा वजन उतरलेले, कंबर बारीक, केस काळे. पाहणाऱ्याला दहा वर्षांपूर्वीचा अली वाटावा. परंतु ते वजन उतरविण्यासाठी थायरॉईडचे औषध घेतले होते, त्याने उरलीसुरली शक्तीही शोषली. दहा फेऱ्या त्यांनी नुसते ठोसे खाल्ले. शेवटी त्यांच्याच कोपऱ्यातल्या माणसांनी लढत थांबविली.

त्याआधीचे असेच एक उदाहरण जेम्स जेफ्रीज यांचे. १९०५ मध्ये अपराजित निवृत्त झालेला हा जगज्जेता शेतावर राहून फार लठ्ठ झाला होता. गोऱ्या लोकांनी भरीस घालून त्याला १९१० मध्ये कृष्णवर्णीय जगज्जेता जॅक जॉन्सनविरुद्ध उभे केले. सुमारे १०० पौंड वजन उतरवून तो ४ जुलैच्या उन्हात रीनो येथे उतरला आणि पंधराव्या फेरीत, आयुष्यात प्रथमच, खाली पडला. १०० पौंड उतरविणे म्हणजे १०० पौंडांचा अभ्यास परत मिळविणे नव्हे.

तर मग परत कोणी येतच नाही काय? येतात, पण कसे येतात ते पाहावे. ज्या फोरमनला अलींनी किन्शासात पाडले, तो १९७७ मध्ये रिंगण सोडून धर्मोपदेशक झाला. दहा वर्षांनी, १९८७ च्या मार्चमध्ये, परत आला तेव्हा तो अवजड आणि थट्टेचा विषय होता. त्याने एकदम मोठी लढत मागितली नाही. किरकोळ, मग मध्यम, मग बऱ्या अशा दोन डझन लढती चार वर्षांत जिंकून मगच तो १९९१ मध्ये किताबासाठी उभा राहिला. तेव्हा गुणांवर हरला. ५ नोव्हेंबर १९९४ रोजी, पंचेचाळिसाव्या वर्षी, मायकेल मूररला दहाव्या फेरीत पाडून तो पुन्हा जगज्जेता झाला. त्यालाही खाड्याने बरेच गमवावे लागले होते. परंतु त्याची मदार पायांवर कधीच नव्हती, ठोशाच्या वजनावर होती. आणि ते वजन, वर सांगितल्याप्रमाणे, सर्वांत शेवटी जाते. जे टिकले होते त्याच्याभोवती त्याने बाकीचे बेताबेताने बांधले.

बेताबेताने का, हेही सांगतो. स्नायू लवकर भरतात, पण त्यांना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा सावकाश घट्ट होतात. ताकद आधी येते आणि ती पेलणारे दोर मागून येतात. म्हणून परतलेल्या खेळाडूचा खांदा, मनगट, टाचेची शीर पहिल्या काही महिन्यांत दगा देते. आपला शेतकरी हे जाणतो. बसून राहिलेला बैल तो पहिल्याच दिवशी दिवसभराच्या वखराला जुंपत नाही. जुंपलाच तर खांद्याला आवाळू येते. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकतो तो आमचा समाज माणसाचे खांदे का शेकीत नाही, असे कधी कधी मनात येते.

वयाचाही भाग आहेच. २०२० च्या मार्चमध्ये देशातल्या सगळ्या तालमी आणि व्यायामशाळा बंद झाल्या, त्यात मुष्टियुद्धाची सभागृहेही आली. त्यानंतर वर्षभराने, एप्रिल २०२१ मध्ये, आपल्या नागपूरच्या अल्फिया पठाण यांनी पोलंडमधील किल्से येथे जागतिक युवा अजिंक्यपद मिळविले. अठराव्या वर्षी अंग माफ करते. शिवाय त्या वर्षी खाडा एकट्या कोणाला पडला नव्हता. समोरचीलाही कमीअधिक तोच होता. एकट्याचा खाडा आणि सर्वांचा खाडा यांत हा मोठा फरक आहे. अलींचा खाडा एकट्याचा होता. ते थांबले असताना फ्रेझर थांबला नव्हता.

अलींचा निकाल २८ जून १९७१ रोजी लागला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य मतांनी त्यांची शिक्षा रद्द केली. फ्रेझरकडून हरून त्यांना तेव्हा साडेतीन महिने झाले होते. आमच्या कामात ‘मागील पगारासह कामावर घ्यावे’ असा निवाडा मिळाला की आम्ही गुलाल उधळतो, आणि तो उधळावाच. पण त्या निवाड्यात हात परत देण्याचे कलम नसते. खाणकामगारांच्या प्रशिक्षणाचे नियम १९६६ साली झाले, त्यात उजळणीच्या प्रशिक्षणाची तरतूद केलेली होती. ती आम्ही पूर्वी वेळकाढूपणा समजत असू. छत ठोकणाऱ्या त्या माणसाच्या प्रसंगानंतर तिच्यासाठी भांडू लागलो.

त्या माणसाचे पुढे काय झाले, हे येथल्या काही मंडळींनी विचारले. त्याला एकट्याने छत पाहू देऊ नये आणि महिनाभर जोड द्यावी, अशी आम्ही मागणी केली. पंधरा दिवस मिळाले. जोडीला दिलेला पोरगा पंचविशीचा होता. आम्ही एकदा पाळीच्या वेळी खाली गेलो तेव्हा दोघे एका गल्लीत उभे होते. पोरगा सळई याच्या हातात देऊ लागला, तर याने ती परत त्याच्याच हातात ठेवली, दिवा खाली केला आणि डोळे मिटले.

“तू ठोक,” तो म्हणाला, “मी ऐकतो.”